सोमवार ते शुक्रवार कुत्रं कोणाचं?

शुक्रवारी संध्याकाळी मांडव्याच्या धक्क्यावर उतरलेली गर्दी रविवारी रात्रीपर्यंत मुंबईला परत गेलेली असते. मार्च २०२० मध्ये भाऊच्या धक्क्यावरून गाडीसकट माणसं आणणारी रो-रो बोट सुरू झाली, जानेवारी २०२४ मध्ये अटल सेतू खुला झाला, आणि आवास, सासवणे, किहीम, थळ, नागाव, रेवदंडा या पट्ट्यात आधीच फोफावलेली ‘दुसरी घरं’ आणखी फोफावली. अष्टागरातल्या कित्येक नारळी-पोफळीच्या वाड्यांत आता बंगले उभे आहेत. बंगला आला की जांभ्या चिऱ्याचं कुंपण येतं, कुंपणाला फाटक येतं, आणि फाटकाशी मोठं कुत्रं असावं असं वाटू लागतं. लॅब्राडोर, जर्मन शेफर्ड, रॉटवायलर, ग्रेट डेन. हौस जास्त असेल तर सेंट बर्नार्ड.

कुत्रं मात्र रविवारी परत जात नाही.

या पुस्तकात मोठ्या जातीचं पिल्लू दत्तक घेण्यावर वेगळं प्रकरण आहे ते एवढ्यासाठीच. लहान चणीचं कुत्रं थोड्याफार हलगर्जीत निभावून जातं. मोठं कुत्रं जन्मल्यापासून दीड वर्षापर्यंत वाढत असतं, आणि त्या दीड वर्षात रोज कोणीतरी त्याच्यापाशी असावं लागतं. किनाऱ्यावर ते कोणीतरी बहुधा घराचा मालक नसतो. वाडी सांभाळणारं कुटुंब असतं.

अशी पिल्लं रेस्क्यूवाल्यांकडे येतात कुठून? पहिला आणि मोठा गट सहा ते दहा महिन्यांच्या पिल्लांचा. आठ आठवड्यांचं असताना मांडीत मावणारं लॅब्राडोर पाचव्या-सहाव्या महिन्यात मोठेपणीच्या वजनाच्या निम्म्यावर पोहोचतं. दात येत असल्यामुळे दारं-खुर्च्या कुरतडतं, फिरायला नेलं की माणसाला ओढत नेतं. मग ‘गावाकडे मोकळी जागा आहे’ असं म्हणून ते फार्महाउसवर जातं, आणि तिथून रस्त्यावर. दुसरा गट विकल्या न गेलेल्या पिल्लांचा. कोणाला बेंबीचा हर्निया, कोणाचा पाय वाकडा, कोणी नुसतं वय वाढलं म्हणून मागे राहिलेलं. कुत्र्यांची पैदास करणाऱ्याने राज्याच्या प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी करावी आणि आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकू नये, असं २०१७ चे केंद्राचे नियम सांगतात. घराच्या मागे दोन पिंजरे ठेवून धंदा करणाऱ्यांना ते ठाऊक असतातच असं नाही. तिसरा गट पैदाशीसाठी पिळून काढून सोडून दिलेल्या माद्यांच्या पोटी जन्मलेल्या पिल्लांचा. यांचा बाप कोण हे देवालाच माहीत.

पाळलेलं जनावर सोडून देणं हा १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याच्या ११ व्या कलमाखाली गुन्हा आहे. पहिल्या गुन्ह्याला दंड दहा ते पन्नास रुपये. किनाऱ्यावर आज त्यात एक शहाळं जेमतेम येतं. त्याच कलमात फारसं कोणी न वाचलेलं एक पोटकलम आहे. कायम साखळीला किंवा कोंडून ठेवलेल्या कुत्र्याला पुरेसा व्यायाम न देणं हीसुद्धा क्रूरताच. ते काटेकोर लावलं तर अलिबाग ते मुरूड रस्त्यावरच्या किती फाटकांमागे पोलिसांना जावं लागेल, याचा विचार न केलेला बरा.

त्यामुळेच अनेक संस्था आणि स्वयंसेवक दत्तकाच्या आवाहनातच ‘फार्महाउससाठी किंवा राखणीसाठी नाही’ असं लिहून टाकतात. मुंबईत १९८५ पासून काम करणारी ‘वेल्फेअर ऑफ स्ट्रे डॉग्ज’ असो, पुण्याची ‘रेस्क्यू’ असो किंवा एकेकटे स्वयंसेवक असोत, प्रत्येकाचा फॉर्म वेगळा असतो. घर स्वतःचं की भाड्याचं, घरातल्या सगळ्यांची संमती आहे का, कुत्रं रात्री कुठे झोपणार, नसबंदी कराल का, हे प्रश्न मात्र सहसा चुकत नाहीत. लोक चिडतात. पिल्लू फुकट देताय की मुलगी देताय, असंही ऐकवतात. माझ्या मते चौकशी योग्यच आहे, फक्त किनाऱ्यावर ती चुकीच्या माणसाची होते. फॉर्म भरतो तो वांद्र्याला किंवा दादरला राहणारा मालक. घर पाहायला येणारा स्वयंसेवकही त्यालाच भेटतो. पाच दिवस ज्याच्या हातचं पिल्लू खाणार, त्याला कोणी काही विचारत नाही.

आणि ‘फार्महाउस नको’ ही सरसकट अटही मला थोडी अन्यायाची वाटते. वाडीवर बारा महिने राहणारं जोडपं, अंगणात खेळणारी त्यांची मुलं, दिवसभर आसपास माणसांचा वावर, हे सगळं एखाद्या पिल्लाला अकराव्या मजल्यावरच्या बंद फ्लॅटपेक्षा कितीतरी चांगलं. अट जागेवर नको, माणसांवर हवी. केअरटेकरला समोर बसवून विचारावं, “मामा, तुम्हाला कुत्रं हवंय का?” ते आधी मालकाकडे बघतील. “साहेब म्हणतील तसं” असं म्हणतील. हे उत्तर होकार धरू नये. मामींना कुत्र्याची भीती वाटते का, धाकटं पोर रांगतंय का, लग्नाला गावी गेलात तर मागे कोण, हे विचारून घ्यावं. तीस किलोच्या कुत्र्याचं खाणं आणि औषधपाणी पगाराबाहेरचं आहे, हेही तिथेच ठरवावं. बरेच तंटे या एका गोष्टीवरून होतात, आणि पोट कुत्र्याचं मारलं जातं.

पिल्लू पाहायला गेल्यावर जातीच्या नावाला फार भुलू नये. वाचवलेल्या पिल्लाच्या जन्मतारखेचा आणि घराण्याचा कागद नसतो. वय दातांवरून कळतं. दुधाचे दात अठ्ठावीस. पुढचे बारीक दात साधारण चौथ्या महिन्यात पडू लागतात, सुळे पाचव्या-सहाव्यात बदलतात, सातव्या महिन्यापर्यंत बेचाळीस पक्के दात आलेले असतात. वय कळलं की वजनावरून मोठेपणीचा अंदाज बांधता येतो. हिरड्या बघाव्यात. गुलाबी असल्या तर ठीक, फिकट असल्या तर पोटात जंत किंवा रक्तात गोचिडांचा ताप असण्याची शक्यता मोठी. पिल्लू चालतं कसं ते पाहावं. मागचे दोन्ही पाय एकदम उचलून सशासारखं पळत असेल तर खुब्याचे सांधे डॉक्टरांकडून तपासून घ्यावेत. यातलं काही आढळलं म्हणून पिल्लू नाकारावं असं नाही. खर्च आणि काळजी आधी माहीत असावी, इतकंच.

वाढीत सगळ्यात जास्त नुकसान होतं ते प्रेमापोटी. मोठं कुत्रं व्हायचंय म्हणून त्याला भरपूर खाऊ घालायचं, हाडं मजबूत व्हावीत म्हणून कॅल्शियमचं औषध पाजायचं, ही समजूत इतकी पक्की आहे की औषधाच्या दुकानात न विचारता बाटली हातात मिळते. खरं उलट आहे. लांब हाडांच्या टोकांना कूर्चेच्या वाढपट्ट्या असतात. हाड तिथे लांबतं आणि वाढ पूर्ण झाली की पट्टी हाडात मिटून जाते. लहान जातींत हे वर्षाच्या आत आटोपतं. मोठ्या जातींत बारा ते अठरा महिने जातात, ग्रेट डेनसारख्या अवाढव्य जातींत त्याहूनही जास्त. तोवर ते हाड म्हणजे ओला स्लॅब. वर वजन चढवायचं नसतं.

कॅल्शियमचं गणित तर आणखी नाजूक. पूर्ण वाढलेल्या कुत्र्याचं शरीर लागेल तेवढंच कॅल्शियम आतड्यातून घेतं. कोवळ्या पिल्लाला ते जमत नाही, पोटात गेलेल्यातलं बरंचसं शोषलं जातं. नेदरलँड्समधल्या उट्रेख्त विद्यापीठात १९८० च्या दशकात हेरमान हाझेविंकल आणि सहकाऱ्यांनी ग्रेट डेनच्या पिल्लांना जास्त कॅल्शियमचा आहार देऊन पाहिला. पिल्लांची हाडं नीट घडली नाहीत, कूर्चेचं हाड होण्याची प्रक्रियाच बिघडली. म्हणजे बाटलीवर ‘मजबूत हाडांसाठी’ लिहिलेलं असतं तेच हाडं बिघडवू शकतं. मोठ्या जातीच्या पिल्लांसाठी वेगळं तयार खाद्य मिळतं, त्यात कॅल्शियम मुद्दाम मर्यादेत ठेवलेलं असतं. ते घालत असाल तर वरून थेंबभरही देऊ नये. उलट नुसता भात आणि मांस, किंवा भात आणि माशाचं कालवण घालत असाल, तर कॅल्शियम कमी पडून तेवढंच नुकसान होतं. तिथे बाटली नव्हे, पशुवैद्याने वजन पाहून लिहून दिलेला आहार लागतो. घरचं जेवण वाईट नाही, अंदाजपंचे जेवण वाईट.

दुसरा प्रयोग लॅब्राडोरांवरचा. अमेरिकेत अठ्ठेचाळीस पिल्लांच्या सख्ख्या भावंडांतून जोड्या लावल्या. जोडीतल्या एकाला दुसऱ्यापेक्षा २५ टक्के कमी खाणं, तेही आयुष्यभर. २००२ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाला तेव्हा मोजकं खाणाऱ्या कुत्र्यांचं मध्यक आयुष्य १३ वर्षं भरलं, जास्त खाणाऱ्यांचं ११.२. खुब्याचे सांधेही मोजकं खाणाऱ्यांचेच चांगले राहिले होते. आपल्याकडे पिल्लाची ढेरी दिसली की घरच्या बायाबापड्यांना बरं वाटतं. बरगड्या डोळ्यांनी दिसू नयेत, पण हात फिरवला की हाताला लागाव्यात, ही खूण केअरटेकरच्या घरात एकदा दाखवून ठेवावी. ‘दोन वाट्या’ असं नुसतं तोंडी सांगितलं तर कोणत्या वाट्या हा प्रश्न उरतोच, म्हणून मापाचं भांडंच देऊन ठेवावं. आणि उंचावरून उड्या, जिन्यावरची पळापळ, सायकलमागे धावायला लावणं, हे सगळं वर्षभर तरी बंद. किनाऱ्याच्या वाळूत रमतगमत फिरणं चालतं, पोहणं तर फारच चांगलं, पण खाडीच्या तोंडाशी ओढ असते तिथे नाही.

किनाऱ्यावर खाण्यातले धोकेही खास इथले. भौगोलिक मानांकन मिळालेला अलिबागचा पांढरा कांदा हंगामात माळा करून पडवीत टांगलेला असतो. माणसाला गोड, कुत्र्याला विष. कच्चा असो की कालवणातला, कांद्यातली द्रव्यं कुत्र्याच्या तांबड्या पेशी फोडतात. रापण किंवा जाळं ओढल्यावर वाळूत टाकून दिलेल्या माशांत केंड असतो. फुगणारा हा मासा कोळी खात नाहीत, कुत्र्यालाही खाऊ देऊ नये. गळ अडकलेले मासे, नायलॉनच्या जाळ्यांचे तुकडे, तहानेने प्यायलेलं समुद्राचं पाणी आणि त्यामागून येणारी हगवण यांचंही भान ठेवावं लागतं. पावसाळ्यात पिल्लू भेक तोंडात धरतं आणि तोंडाला फेस आणून धावत येतं. तेव्हा ओल्या फडक्याने तोंड आतून बाहेर पुसावं, घशात पाणी ओतू नये. आणखी एक साधी गोष्ट लोक विसरतात. कुत्र्याला माडाखाली बांधायचं नसतं.

हवेचं काय? थर्मामीटर बघून फसायला होतं. अलिबागचा उन्हाळा विदर्भासारखा नाही, पारा तेहतीस-चौतीसच्या आसपास. पण कुत्र्याला घाम जवळपास येतच नाही. कुत्रं जीभ काढून धापा टाकतं, तोंडातला ओलावा वाफ होऊन जातो, तेवढ्यानेच त्याचं अंग थंड होतं. मे महिन्याच्या दमट हवेत ही वाफ होणंच मंदावतं. कुत्र्याचं नेहमीचं तापमान ३८ ते ३९ अंश सेल्सियस असतं. ते ४१ च्या वर गेलं की जीव धोक्यात. मोठ्या, जाड केसांच्या कुत्र्याला हे आधी गाठतं. केस भादरून उपयोग नाही. दुहेरी केस उन्हापासूनही राखतात आणि भादरले तर नीट परत येतीलच असं नाही. सेंट बर्नार्ड आल्प्सच्या खिंडीतलं, हस्की सैबेरियातलं. रेस्क्यूमधून असं पिल्लू घ्यायची वेळ आलीच तर एसीच्या भरवशावर राहू नये. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ याच किनाऱ्यावर आदळलं तेव्हा श्रीवर्धन-मुरूडकडे कित्येक दिवस वीज नव्हती. मला विचाराल तर दिवेआगरात हस्की नसावाच. उंच, रुबाबदार कुत्रं हवं असेल तर कारवान किंवा मुधोळ जातीच्या किंवा त्यांच्या मिश्र पिल्लांकडे बघावं. मुधोळच्या घोरपडे संस्थानिकांनी इंग्लंडच्या राजाला भेट दिलेली ही जात आखूड केसांची, काटक. पण तिला पळायला भरपूर जागा लागते, आणि कोंबड्यांवर तिचा भरवसा धरू नये.

मातीतले रोग मात्र जात बघत नाहीत. १९७८ च्या सुमारास जगभर पसरलेला पार्व्हो विषाणू जमिनीत महिनोन्‌महिने टिकतो. आधीचं पिल्लू हगवणीने गेलं असेल त्या वाडीत लस पूर्ण न झालेलं पिल्लू आणू नये. लशीचे डोस सहा ते आठ आठवड्यांपासून सुरू होतात आणि शेवटचा डोस सोळा आठवडे पूर्ण झाल्यावरच घ्यावा लागतो, कारण आईच्या दुधातून आलेली प्रतिकारशक्ती तोवर लशीलाच निष्प्रभ करू शकते. रेबीजची लस तिसऱ्या महिन्यानंतर. लेप्टोस्पायरोसिसची लस कोकणात ऐच्छिक मानूच नये. उंदराच्या मुतातून भातखाचरांच्या पाण्यात उतरणारा हा रोग कुत्र्याला होतो आणि माणसालाही. २६ जुलै २००५ च्या पुरानंतर मुंबईने तो पाहिला. सावलीतली ओलसर वाळू ही आकडेकृमींची आवडती जागा. त्यांच्या अळ्या कातडीतून शिरतात, अनवाणी माणसाच्या पायातूनसुद्धा. म्हणून पिल्लाची विष्ठा रोज उचलायची आणि जंताचं औषध लहानपणी दर पंधरवड्याला. गोचीड चिऱ्यांच्या भेगांत हजारोंनी अंडी घालते, त्यामुळे कुत्र्यावर औषध आणि भिंत तशीच, हा अर्धाच उपाय.

नसबंदीच्या वेळेवरून संस्था आणि डॉक्टर यांच्यात खराखुरा मतभेद आहे. संस्थांना ती लवकर हवी, कारण न केलेल्या नसबंदीची फळं त्याच उचलतात. पण कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस शाखेने २०१३ मध्ये गोल्डन रिट्रीव्हरांच्या नोंदी तपासल्या, तेव्हा वर्षाच्या आत नसबंदी झालेल्या नरांपैकी दहा टक्क्यांना खुब्याचा विकार आढळला, नसबंदी न झालेल्यांच्या दुप्पट. वाढपट्ट्या मिटवण्यात लैंगिक संप्रेरकांचा हात असतो. ती लवकर काढली तर हाडं लांबत राहतात. मध्यममार्ग असा की मोठ्या जातीच्या पिल्लासाठी संस्थेकडे लेखी मुदत मागावी, वाढ पुरी झाल्यावर करू असं तारखेसह लिहून द्यावं, आणि ते पाळावं. तोवर कुंपण पक्कं हवं. मादी माजावर आली की गावातले कुत्रे चिऱ्याची भिंत मोजत नाहीत.

याच शस्त्रक्रियेत आणखी एक काम उरकता येतं, आणि किनाऱ्यावर ते फार मोलाचं आहे. ग्रेट डेन, जर्मन शेफर्ड यांसारख्या खोल छातीच्या कुत्र्यांचं जठर कधीकधी वायूने फुगून स्वतःभोवती पीळ घेतं. पोट ढोलासारखं होतं, कुत्रं ओकायचा प्रयत्न करतं पण काही पडत नाही, लाळ गळते, बसवत नाही. काही तासांत शस्त्रक्रिया झाली नाही तर ते मरतं. नसबंदीच्या वेळीच जठर पोटाच्या भिंतीला टाक्यांनी बांधून घेतलं तर पुढे पीळ पडण्याची शक्यता अगदी कमी होते. जेवण दिवसातून दोन-तीनदा विभागून द्यावं आणि जेवल्याबरोबर पळवू नये, हेही आलंच.

आता तासांचा हिशेब करून बघा. रात्रीचे साडेअकरा, वाडी चौलला, वार मंगळवार. शेवटची बोट गेलेली. पावसाळा असेल तर गेटवेच्या लाँचही बंद. सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात दिवसासुद्धा कारभार मुख्यतः गुराढोरांचा, आणि रात्री मोठी शस्त्रक्रिया होईल अशी जागा गाठायची म्हणजे वडखळमार्गे पनवेल, नाहीतर थेट मुंबई. परळचं बाई साकरबाई दिनशा पेटिट रुग्णालय, ज्याला सगळी मुंबई बैलघोडा म्हणते, अलिबागेहून रस्त्याने शंभरेक किलोमीटरच्या घरात आहे. मामा जागे आहेत, कुत्रं तडफडतंय, आणि ते साहेबांना फोन लावतायत. साहेबांचा फोन सायलेंटवर. मामांकडे गाडी ठरवायला पैसे नाहीत, आणि ‘करा ऑपरेशन’ म्हणायचा अधिकारही नाही. यात जातो तो एक तास परत मिळत नाही.

म्हणून पिल्लू घरी आणायच्या आधी तीन गोष्टी ठरलेल्या असाव्यात. रात्री येणारा एक गाडीवाला. केअरटेकरच्या ताब्यात, घरखर्चापासून वेगळी ठेवलेली रक्कम. आणि अशा वेळी न विचारता निर्णय घ्यायची मुभा, लेखी, डॉक्टरांकडेही एक प्रत देऊन. दत्तकाच्या फॉर्मवर दुसरी सही मामांची किंवा मामींची घ्यावी. संस्थेने मागितली नाही तरी घ्यावी. गळपट्ट्याच्या बिल्ल्यावर दोन नंबर कोरून घेता येतात. त्यातला पहिला वाडीवरचा असू द्यावा.